घरचं, घाई नाही

माझ्या शिवणाच्या दुकानात भिंतीला तीन फळ्या आहेत. खालच्या फळीवर आज द्यायची कामं, मधल्या फळीवर आठवड्यात द्यायची, आणि सगळ्यात वर, जिथे हात पोचायला स्टूल लागतं, तिथे घरची. प्रत्येक कामाला टाचणीने चिठ्ठी लावलेली असते: कोणाचं, काय करायचं, कधी द्यायचं. काम नेताना गिऱ्हाईक चिठ्ठीच्या मागे 'मिळालं' लिहून सही करतं, म्हणजे नंतर कटकट नको. घरच्या कामाला मात्र तारीख नसते. तिथे मी लिहिते, 'घरचं, घाई नाही.' ज्या मास्तरांकडे मी काम शिकले त्यांची ही पद्धत. गिऱ्हाईक पळून जातं, घरचे कुठे जातात, असं ते म्हणायचे. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

माझ्या दादाच्या होडीचं शीड त्या वरच्या फळीवर होतं. दादा गेला तेव्हा त्याला तिथे पडून एकोणीस महिने झाले होते.

ही होडी त्याने कुठून तरी मिळवली होती. फायबरची, चौदा फुटी, दोन माणसं बसतील एवढी, चाळीसेक वर्षांची म्हातारी. तळाला मुठीएवढं भोक, पुढच्या टोकाला लांब चीर, आणि शीड मागच्या कडेने हातभर फाटलेलं. दादा सगळा जन्म कचेरीत कागद पुढे सरकवणारा माणूस, पाण्यात उतरला तर गुडघ्यापर्यंत. पण निवृत्त झाल्यावर आपण होडी चालवायची हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. शीड पिशवीत कोंबून तो दुकानात आला आणि हातातला चहाचा कप माझ्या कापायच्या टेबलावर ठेवला. मी नेहमीसारखी खेकसले, "कप बाजूला घे आधी, डाग पडतील." त्याने घेतला. म्हणाला, "मास्तर, हे शिवून दे. शीड तयार झालं की मी तळाला हात घालतो. शिडाशिवाय होडी म्हणजे नुसती आंघोळीची टाकी." मला घरात सगळे मास्तरच म्हणतात. सुरुवात त्यानेच केली.

मी चिठ्ठी लिहिली आणि म्हटलं, टाक वर.

त्याने तीनदा विचारलं. पहिल्यांदा शाळेचे गणवेश चालू होते. दुसऱ्यांदा एका हॉटेलचे पडदे होते, चाळीस खिडक्यांचे. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं, माझी कंबर धरली होती आणि डोकं तापलेलं होतं. तो म्हणाला, "एवढं मोठं कापड एकटीच्याने मशीनखालून जायचं नाही. दुसरं टोक धरायला मी येतो. तू फक्त वार सांग." मी म्हटलं, "पुढच्या गुरुवारी बघू." गुरुवारी माझं दुकान बंद असतं. असे किती गुरुवार आले आणि गेले, मी झोपून काढले.

मग एका सकाळी दाढी करता करता दादा खाली बसला आणि बसलेलाच राहिला. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस. वहिनीचा फोन आला तेव्हा मी एका झग्याची बाही जोडत होते. ती पुरी केली आणि मग निघाले. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण केलं ते केलं. रडू आलं नाही. तिथे पोचल्यावर नाही आणि नंतरही नाही. बायका पाठीवरून हात फिरवून म्हणत, "रड गं, मोकळी हो." एक म्हणाली, आभाळच फाटलं, ठिगळ कुठे कुठे लावणार. शिंपिणीला हे सांगायची हौस बघा. मोकळी काय होणार, आत काही भरलेलं असेल तर ना. माझं सगळं लक्ष त्याला घातलेल्या शर्टाच्या कॉलरकडे होतं. एक टोक दुसऱ्यापेक्षा दोराभर लांब होतं. तो शर्ट मीच शिवलेला.

वहिनीचं आणि माझं पहिल्यापासून जमतं. तोंडाने फटकळ बाई, पण पोटात काही ठेवत नाही. महिन्याभराने तिच्या ओट्याशी आम्ही भांडी पुसत होतो, तेव्हा ती म्हणाली, "माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं होडीवरून झालं. त्याच सकाळी. म्हटलं, किती वर्षं ती अडगळ मागच्या शेडमध्ये पडून आहे, एक काम धड होत नाही तुमच्याने, आळशी माणूस. ते म्हणाले, शीड शिवायला टाकलंय. मी म्हटलं, दीड वर्ष हेच ऐकतेय, कोण शिवतंय एवढं? तर हसले आणि दाढी करायला गेले."

ती एकच झाकण पुन्हा पुन्हा पुसत होती.

"शीड कुठलं आणि काय," ती म्हणाली. "सगळं घर पालथं घातलं मी. कुठे नाही. माझं तोंड बंद करायला काहीतरी म्हणाले असतील. आणि शेवटचा शब्द माझा, आळशी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्या काखेत होता आणि वळसे ती घालत होती. दादाने माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर वहिनीने त्याच दिवशी दुकानात येऊन माझी खरडपट्टी काढली असती, आणि आठवड्यात शीड शिवून झालं असतं. मला एवढंच बोलायचं होतं: अगं, शीड माझ्याकडे आहे. तो आळशी नव्हता, आळस माझा. चार शब्दांचं काम. एरवी मी उचलली जीभ लावली टाळ्याला अशातली, पण तेव्हा जीभ जागची हलली नाही. मी ताटल्या रचून ठेवल्या आणि घरी गेले.

पाचव्या महिन्यात वहिनीने ठरवलं की एवढं मोठं भाड्याचं घर आता नको. तीन महिन्यांनी लेकीच्या घराजवळ दोन खोल्यांत जायचं. सामानाची वाटणी सुरू झाली आणि गाडी होडीपाशी येऊन अडली.

"भंगारवाला करवतीने तुकडे करून नेतो म्हणालाय," वहिनी म्हणाली.

"मी दुरुस्त करते," मी म्हटलं.

"तू? तुला काय येतं त्यातलं?"

"काही नाही. पण कापडच असतं ते. काचेचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ताप आलाय. खरं सांगायचं तर मला होडीचं काही पडलेलं नव्हतं. मला त्या दिवसांत कशाचंच काही पडलेलं नव्हतं; जेवताना मीठ आहे की नाही तेही कळायचं नाही. पण हात कामात असले की मी बडबडते, ही माझी जुनी खोड. वाटलं, तळ घासता घासता कधीतरी तोंडातून निघून जाईल.

तळ्याच्या काठाला होड्या दुरुस्त करणारे एक काका होते. सत्तरी उलटलेले, आणि सगळे त्यांना टकटककाका म्हणायचे. खिशात कायम एक जुनं नाणं, आणि दिसेल त्या वस्तूवर ते वाजवून बघायची सवय. माझ्या आणलेल्या बिस्किटांच्या डब्यावरही आधी वाजवलं, मग झाकण उघडलं. होडी आम्ही वहिनीच्या अंगणात जुन्या टायरांवर पालथी घातली होती. काका गुडघे टेकत सगळ्या तळावर नाणं वाजवत फिरले, कान लावून. चांगल्या जागी टणटण, खराब जागी ठकठक. ठकठक ऐकू आलं की पेन्सिलने गोल.

"इथे, इथे आणि इथे," ते म्हणाले. "बाकी म्हातारी खणखणीत आहे. कोण करणार?"

"मी."

"काय काम करता?"

"शिंपीण आहे."

"मग हात साफ असेल. अक्कल मागाहून येईल." लगेच ते अगंतुगंवर आले. मला आवडलं ते.

काम त्यांनी सांगितलं ते ऐकायला सोपं होतं. भोकाच्या भोवतीचं जुनं फायबर वीतभर उतरतं घासायचं. मग रेझिन नावाचं मधासारखं दाट औषध, त्यात हार्डनरचे मोजून थेंब, की ते दगड होतं. त्यात काचेचं कापड भिजवायचं, एकावर एक थर द्यायचे, आणि ब्रशने ठोकून ठोकून आतली हवा काढायची. हवा राहिली की संपलं.

घासायलाच तीन आठवडे गेले. रोज दुकान उघडायच्या आधी दोन तास आणि गुरुवारी अख्खा दिवस. आई गं, ती धूळ! तोंडाला फडकं, हातात मोजे, पूर्ण बाह्या, तरी ती काचेची धूळ मनगटातून शिरायची. घरी येऊन मी म्हशीसारखी दाराच्या चौकटीला पाठ घासायची. पण एक सांगते, ती खाज तेवढी मला जाणवायची. दिवसभरात तेवढं एकच.

पहिल्या रेझिनची तऱ्हा तर विचारूच नका. काकांनी थेंब मोजायला सांगितले होते. मी म्हटलं, पस्तीस वर्षं अंदाजाने कापड कापतेय, थेंब काय मोजायचे. आमटीत मीठ टाकावं तसा हार्डनर टाकला. ढवळून कापडाकडे वळते तोवर डबा हाताला गरम लागला. मग चटका बसला. मग त्यातून धूर निघायला लागला, आणि ब्रश आत असा घट्ट की दोघं वेगळे होईनात. मी ओरडून ते सगळं अंगणात फेकलं. वहिनी हातात बादली घेऊन धावत आली आणि पाणी माझ्यावरच ओतलं.

"होडी तिकडे, पेटली तू, असं वाटलं मला," ती म्हणाली.

मी नखशिखांत भिजलेली, अंगणात तो धुरकटणारा डबा, त्यात उभा ब्रश. वहिनी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, पोट धरून हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी पण तोंड हसण्यासारखं केलं. मग ती हसता हसता थांबली आणि पालथ्या बादलीवर बसली.

"मास्तर, एक विचारू? ते खरंच आळशी नव्हते ना गं?"

आता. आता बोल, असं मी मनात म्हटलं. याहून बरी वेळ कुठली? पाणी माझ्या केसांतून ठिबकत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

"आळशी कसला," मी म्हटलं. "उगीच काहीतरी. एक कोरडं फडकं दे."

तिने दिलं. संपलं तेवढ्यावर. माणसाने किती भित्रं असावं याला काही मोजमाप नसतं.

दुसऱ्या खेपेला थेंब मोजले. पण माझी खरी अक्कल तिथून पुढे दिसली. काचेचं कापड कातरीने कापलं की त्याच्या कडा लगेच उसवतात, सुतं बाहेर येतात, नुसतं पिंजलेलं. आणि उसवलेली कड मला बघवत नाही. पाहुण्यांच्या घरीसुद्धा पडद्याची सुटलेली शिवण दिसली तर मी पर्समधली सुई काढते. तेव्हा मी काय केलं, ठिगळं दुकानात नेली आणि सगळ्या कडांना मशीनवर इंटरलॉक मारलं. दोन सुया मोडल्या, बोटात काचेची कुसळं गेली. मोठ्या ठिगळाची कड तर आत दुमडून शिवली. अशी सुबक ठिगळं झाली की दाखवायला ठेवावीत. मग मी ती रेझिनमध्ये बुडवून तळावर चिकटवली, ठोकली, वाळवली, आणि काकांना बोलावलं.

त्यांनी नाणं काढलं. मधे टणटण. कडेला आले आणि ठकठक. दुसऱ्या ठिगळाच्या कडेला ठकठक. तिसऱ्याच्या, तेच. त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं.

"हे काय केलंयस?"

"कड शिवली."

"कशाला?"

"उसवत होती."

काका टायरवर बसले आणि खोकला लागेपर्यंत हसले. "पन्नास वर्षं झाली मला या धंद्यात," ते म्हणाले. "लोकांनी ठिगळ उलटं लावलं, सुलटं लावलं, एकाने तर स्वतःचा मोजा आत चिकटवला. पण कड शिवलेली मी आज पाहिली." मग गंभीर झाले. "अगं बाई, शिवलीस की तिथे जाडी आली. जाडीखाली हवा राहिली. हवेच्या जागी उद्या पाणी जाणार. इथे कड उसवलेलीच ठेवायची असते. सुतं मोकळी राहिली तर जुन्या अंगात मुरतात. तू नीटनेटकं केलंस म्हणून बिघडलं."

सगळं परत घासून काढायचं, म्हणाले. शून्यापासून. घर सोडायला पाच आठवडे उरले होते.

मला राग आला. असा राग की मी कातर अंगणाच्या भिंतीवर फेकून मारली. काकांवर, काचेवर, कडांवर, आणि मेलेल्या माणसावर, ज्याला एवढं मोठं जग सोडून हीच होडी सापडली. वहिनी खिडकीतून बघत होती. मग मी कातर उचलली, तिचं टोक वाकलं नाही ना ते पाहिलं आणि पुन्हा घासायला बसले. रागही संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

तिसऱ्या खेपेला ठिगळं लागली. उसवलेल्या कडांची, बघायला अगदी गबाळी. मी दात आवळून सुतं मोकळी सोडली, ब्रशने ठोकली, आणि डोळ्यांदेखत ती दिसेनाशी झाली. काकांनी सगळीकडे नाणं वाजवलं. टणटण. पुन्हा वाजवलं. मग नाणं खिशात घातलं आणि म्हणाले, "रंग लाव." ही त्यांची शाबासकी.

घर सोडायला आठ दिवस राहिले असताना, एका गुरुवारी सकाळी, आम्ही होडी हातगाडीवर घालून तळ्यावर नेली. दोन हमाल, काका, वहिनी आणि मी. पांढरा तळ, निळी पट्टी, डोलकाठी आत आडवी ठेवलेली. धक्क्यावरून ती पाण्यात सोडली आणि मी आत उतरले. दोन मिनिटांत पायाला गार लागलं. बघते तर पाणी घोट्यापर्यंत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या महिन्यांचं काम पाण्यात!

"मागचं बूच कोण लावणार, तुझी आजी?" काका धक्क्यावरून ओरडले.

होडीच्या मागच्या भिंतीला पाणी काढून टाकायचं एक भोक असतं, त्याचं बूच माझ्या खिशात होतं. ते लावलं, डब्याने पाणी उपसलं आणि वाट पाहिली. अर्धा तास. ठिगळांपाशी बोट फिरवून पाहिलं, कोरडं. होडी दोरीला धरून नुसती हलत राहिली. तरंगत होती ती. मी तिच्यात बसले होते आणि मला काहीही वाटत नव्हतं. बाही पुरी केल्यावर वाटतं तेवढंसुद्धा नाही.

"आता शीड?" काकांनी विचारलं.

"शीड नाहीच," वहिनी म्हणाली. "तुम्ही माप घ्या काका, नवं करायला टाकते." मग ती धक्क्याच्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, मलाच, "बघ ना. तुला यातलं ओ की ठो येत नव्हतं. दुकान सांभाळून तीन महिन्यांत केलंस. ते रिकामे बसलेले, त्यांना एवढी वर्षं जमलं नाही. म्हणजे मी बोलले ते काही खोटं नव्हतं. आळशीच होते."

त्यापेक्षा कोणी थोबाडीत मारलं असतं तरी चाललं असतं. मी प्रायश्चित्त म्हणून तीन महिने घासत होते, आणि त्या घासण्याने काय सिद्ध केलं, तर दादा आळशी. माझ्याच हाताने मी त्याला तिच्यापुढे आळशी ठरवलं होतं. मी आता गप्प राहिले असते तर तो जन्मभर तसाच राहिला असता, दोन खोल्यांच्या त्या नव्या घरातसुद्धा.

"वहिनी, दुकानात चल," मी म्हटलं.

"आज बंद असतं ना?"

"म्हणूनच."

दुकानात तिला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं. स्टूल ओढलं, वर चढले, पिशवी काढली. इतकी धूळ होती की दोघींनाही शिंका आल्या. पिशवी टेबलावर ठेवली. वाटेत सगळं जुळवत आले होते. शेवटी पिशवीच तिच्याकडे सरकवली. चिठ्ठी टाचणीला तशीच होती, कागद पिवळा पडलेला. वहिनीने पर्समधून चष्मा काढला आणि मोठ्याने वाचलं, परक्याचं वाचावं तसं.

"दादा. होडीचं शीड, मागची कड फाटली. घरचं, घाई नाही."

तिने चिठ्ठीवरची धूळ फुंकली.

"म्हणजे ते खरं बोलत होते," ती म्हणाली.

"हो."

"शीड आल्यावर तळाला हात घालणार होते?"

"हो. तीनदा विचारून गेला. मीच केलं नाही."

"आणि मी भांडी पुसताना तुला सांगितलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तुझा डबा पेटला त्या दिवशी विचारलं, तेव्हाही."

"हो."

तिने चष्मा काढला. "कोण शिवतंय म्हणून मी विचारलं त्या सकाळी, तेव्हा ते काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, फार मोठा कारागीर आहे, हाताखाली काम फार, आपण थांबायचं. आणि हसले. मला वाटलं माझी थट्टा चाललीय. म्हणून अजून चिडले मी."

बाहेर कोणीतरी बंद शटर वाजवून पाहिलं आणि निघून गेलं.

"तुझा राग आलाय मला," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही. "आठ महिने. आठ महिने मी त्या एका शब्दाने जळतेय आणि तू समोर बसून ताटल्या रचतेस. हा राग काही आज जायचा नाही, उद्याही जायचा नाही. सांगून ठेवते."

"हो," मी म्हटलं.

मग ती बाकावर सरळ बसली, पर्स मांडीवर, आणि गिऱ्हाईक विचारतं तसं विचारलं, "कधी देणार?"

पस्तीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर आहे, पुढच्या आठवड्यात. ते अगदी ओठांपर्यंत आलं.

"आत्ता," मी म्हटलं.

"मग बसलीस काय?"

शीड उलगडलं तर अख्खं दुकान भरलं. कडक कापड, कागदासारखं कडकडणारं. फाटलेला भाग जुळवला, आतून पट्टी लावली, मशीनला जाड सुई आणि जाड दोरा घातला. पण ते धूड मशीनच्या हाताखालून जाईना. गुंडाळी करून घातली तरी पलीकडून ओढायला कोणी लागतंच. दादाने सांगितलं होतं तसंच.

"दुसरं टोक कोणीतरी धरायला हवं," मी म्हटलं.

वहिनी उठली आणि पलीकडे जाऊन उभी राहिली.

"ओढू नकोस. नुसतं तोलून धर."

"कळतं मला."

त्यानंतर आम्ही थांब, सोड, हं, एवढंच बोललो. मी पाय चालवायचे, ती गुंडाळी आपल्या अंगावर घ्यायची. एकदा सुई मोडली. एकदा तिचा हात अवघडला, तिने झटकला आणि पुन्हा धरलं. शेवटचा टाका घालून मी दोरा तोडला आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं. पाहायला नको होतं. पावणेदोन तास लागले होते. दादा असताना एकोणीस महिने पडून राहिलेलं काम, पावणेदोन तासांचं.

वहिनीने शिवणीवरून बोट फिरवलं, गिऱ्हाइकं फिरवतात तसं, सगळ्या लांबीवरून. काही नाव ठेवलं नाही. मग पिशवीवरची टाचणी काढली, चिठ्ठी उलटी केली आणि पेन मागितलं. लिहिलं, 'मिळालं.' खाली सही केली. मला वाटलं स्वतःची करेल. तिने दादाची केली. हुबेहूब, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब खाली ओढून, तो ओढायचा तशी.

"काम त्यांचं होतं," ती म्हणाली आणि चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

मी ती शेपटी बघत होते. नाकातून पाणी यायला लागलं, आणि मला आधी कळलंच नाही की हे काय होतंय. मग घशातून कसलातरी आवाज निघाला, माझा म्हणून मला ओळखू न येणारा, आणि मी टेबलावर ओणवी झाले. दादा, दादा, एवढंच येत होतं तोंडातून. आठ महिन्यांचं सगळं एकदम आलं.

वहिनी जवळ आली नाही. हातही लावला नाही. तिथूनच म्हणाली, "शीड बाजूला घे आधी. डाग पडतील."

मी शीड बाजूला घेतलं.